खुराड्यातल्या किडीचा इतिहास



स्मरणिकेसाठी चार ओळी लिहा, असे चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा मी प्रथम नकोच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. लेखणीपेक्षा विळी आणि सूप यांचीच हाताला सवय अधिक. परंतु "तुम्हांला ठाऊक आहे तेच लिहा," असा त्यांचा आग्रह पडला. मला ठाऊक आहेत त्या कोंबड्या. लग्न होऊन या घरी आले तेव्हापासून, म्हणजे बावीस वर्षे, परसात कोंबड्या पाळते आहे. अंड्यांच्या पैशांतून मुलीच्या वह्यापुस्तकांचा आणि परीक्षेच्या फीचा खर्च भागला. म्हणून कोंबडीच्या वैऱ्याचा, म्हणजे तिच्या अंगावरच्या किडीचा आणि पोटातल्या जंतांचा, इतिहास सांगण्याचे मी योजिले आहे. राजेरजवाड्यांचा तेवढाच इतिहास असतो असे थोडेच आहे!

प्रथम माझीच चूक सांगते. काही वर्षांपूर्वी माझी एक गावठी कोंबडी खुडूक झाली. तिला तेरा अंड्यांवर रवणीला बसवली. बाराव्या दिवशी ती डालग्यातून उठली ती पुन्हा बसेचना. अंडी थंड पडली. सासूबाई म्हणाल्या, "ही कोंबडी अवलक्षणी." रविवारी तिचे कालवण झाले. पुढे दुसरी बसवली, तिनेही तेच केले. तेव्हा मात्र मी रात्री बॅटरी घेऊन डालगे उलटे केले. बांबूच्या बेळांच्या सांध्यांत नाचणीच्या दाण्याहूनही बारीक, तांबडे ठिपके चालत होते. बोटाने चिरडले तर रक्त निघाले. बिचाऱ्या कोंबडीचे लक्षण चांगलेच होते. रात्रभर रक्त पिणाऱ्या किडीत ती बसणार किती दिवस? आपण तिलाच दोष दिला.

आपल्याकडे अशा सगळ्याच किडींना "पिसवा झाल्या" म्हणतात. पण त्यांत भेद आहे. उवा कोंबडीच्या अंगावरच जन्मतात आणि पिसे व कोंडा खातात. तांबडी कीड, जिला इंग्रजीत माइट म्हणतात, ती दिवसा भिंतीच्या भेगेत, दांडीखाली, डालग्याच्या विणीत दडते आणि रात्री येऊन रक्त पिते. गोचीडही तसाच, भेगेतला. हा भेद कळायला माणसाला फार काळ लागला, आणि तोच या इतिहासाचा गाभा आहे.

आपल्या कोंबडीचा पूर्वज म्हणजे तांबडा रानकोंबडा. तो रानात हिंडतो, झाडावर झोपतो आणि कोरड्या मातीत लोळून अंग झाडतो. माणसाने त्याला घरी आणून एकाच खुराड्यात रोज झोपविले, एकाच अंगणात रोज चरविले. त्यामुळे किडीला बारमाही घर मिळाले आणि जंतांच्या अंड्यांना बारमाही जमीन मिळाली.

यावरचा सर्वांत जुना उपाय कोंबडीनेच माणसाला शिकविला असावा. इसवी सनाच्या पहिल्या शतकात कोलुमेला नावाचा रोमन शेतीलेखक होऊन गेला. त्याने लिहून ठेवले आहे की, कोंबड्यांना लोळण्यासाठी भिंतीलगत कोरडी धूळ व राख ठेवावी, तिने त्या आपली पिसे स्वच्छ करतात. मुलीने हे वाचून दाखविले तेव्हा मला हसूच आले. आमच्या सासूबाई चुलीतली राख परसातल्या फणसाखाली ओतीत, ती याचसाठी. दोन हजार वर्षांपूर्वीचा रोमन गृहस्थ आणि आमच्या सासूबाई यांचे मत एकच!

परंतु उवा येतात कोठून, हे कोणालाच ठाऊक नव्हते. घामातून, मळातून, कुजक्या कचऱ्यातून त्या आपोआप उपजतात अशी समजूत सर्व देशांत होती. इ. स. १६६८ मध्ये इटलीतील फ्रान्चेस्को रेडी या वैद्याने एक साधा प्रयोग केला. काही भांड्यांत मांस ठेवून त्यांची तोंडे उघडी ठेवली, काहींवर बारीक कापड बांधले. उघड्या मांसात अळ्या झाल्या, झाकलेल्या मांसात झाल्या नाहीत. म्हणजे अळी मांसातून उपजत नाही, माशीच्या अंड्यातून होते. लोणच्याच्या बरणीला फडके बांधणाऱ्या आपल्याला हे सांगायला नको. पण त्या काळी ही मोठी गोष्ट होती. याच रेडीने आपल्या ग्रंथात निरनिराळ्या पक्ष्यांच्या उवांची चित्रेही दिली आहेत. पुढे १७७८ मध्ये स्वीडनच्या द गेर या निसर्गशास्त्रज्ञाने कोंबडीच्या तांबड्या किडीचे वर्णन करून तिला शास्त्रीय नाव दिले.

नाव मिळाले, तरी ही कीड किती घात करते हे कळायला आणखी सव्वाशे वर्षे गेली. १९०३ मध्ये ब्राझीलमध्ये काम करणाऱ्या मार्शू आणि सालिंबेनी या दोन शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की, कोंबड्यांना ताप आणून मारणारा एक रोग गोचिडाच्या चाव्यातून पसरतो. त्यानंतर १९२० मध्ये अमेरिकेत ग्रेबिल आणि स्मिथ यांनी दुसरे कोडे सोडविले. टर्की पक्षी एका रोगाने पटापट मरत असत. त्या रोगाचे बीज कोंबडीच्या आतड्यातल्या बारीक जंताच्या अंड्यांतून मातीत उतरते, आणि त्याच मातीत चरणाऱ्या टर्कीच्या पोटात जाते, असे त्यांना आढळले. कोंबडी वरवर धडधाकट दिसते, पण तिची विष्ठा पडलेली जमीन दुसऱ्याचा जीव घेते. भेगेतला गोचीड आणि जमिनीतली अंडी, या दोन शोधांनी लोकांची नजर कोंबडीवरून खुराड्याकडे आणि मातीकडे वळविली. माझ्या मते याहून मोठा शोध या विषयात झाला नाही.

आता औषधांकडे वळू. जुन्या औषधांपैकी एक आपल्याच डोंगरातले आहे. शेंदरीच्या झाडाच्या फळांवर जी तांबडी पूड असते ती आयुर्वेदात कंपिल्लक म्हणून जंतांवर सांगितली आहे. तीच पूड 'कमला' या नावाने परदेशी गेली, आणि १९२० च्या सुमारास अमेरिकेतले लोक कोंबड्यांच्या पट्टकृमींवर ती देत असत. तंबाखूचेही तसेच. तंबाखूचा अर्क तिन्हीसांजेच्या आधी कोंबड्यांच्या बसण्याच्या दांडीला फासत, म्हणजे त्याच्या वाफेने रात्री उवा मरत. १९४० च्या सुमारास फिनोथायझिन आले, आणि १९५० नंतर पिपरेझिन. हे पिपरेझिन आधी संधिवातावर देत असत. त्याने जंत मरत नाहीत, लुळे पडतात आणि विष्ठेबरोबर बाहेर येतात. मात्र ते मोठ्या गोल जंतांवरच चांगले लागू पडते. सर्व जंतांवर नाही.

किडीवर खरा चमत्कार वाटला तो डी. डी. टी. चा. ती कीटक मारते हे १९३९ मध्ये स्वित्झर्लंडच्या पॉल म्युलर यांनी शोधले आणि १९४८ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. मागून गामेक्सिन आले. घरोघर पांढरी पावडर झाली. आता किडीचा निकाल लागला, असेच लोकांना वाटले. पण किडी सरावल्या, आणि ही द्रव्ये कोंबडीच्या चरबीत साठून अंड्यात उतरतात हेही कळले. आपल्या देशात १९८९ मध्ये शेतीसाठी डी. डी. टी. वापरण्यास बंदी झाली आणि १९९७ मध्ये बी. एच. सी. म्हणजे गामेक्सिनच्या पावडरीवरही बंदी आली.

याच काळात जपानच्या सातोशी ओमुरा यांना मातीच्या एका नमुन्यात एक सूक्ष्म जीव सापडला. त्यावर अमेरिकेत विल्यम कॅम्पबेल यांनी काम केले आणि आयव्हरमेक्टिन हे औषध झाले. १९८१ पासून ते जनावरांसाठी विकले जाऊ लागले. २०१५ मध्ये त्या दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. औषध मोठे गुणाचे. पण अंडी देणाऱ्या कोंबडीला ते आपल्या मनाने देऊ नये, कारण त्याचा अंश अंड्यात येतो.

आता माझी दुसरी चूक. डालग्यातली ती तांबडी कीड पाहून मी घाबरले. एका दुकानात विचारले, तर भाजीवर मारायची पावडर कागदात बांधून मिळाली. ती मी कोंबड्यांच्या पंखांखाली चोळली. सकाळी चार कोंबड्या मरून पडल्या होत्या. उरलेल्या वाचल्या, अंडीही देऊ लागल्या, आणि ती अंडी मी आठवडाभर विकली. नंतर तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात गेले, तेव्हा डॉक्टरांनी विचारले, "अंडी कोणी खाल्ली?" माझ्या पोटात गोळा उठला. शेजारच्या काकींची सून तेव्हा गरोदर होती. मी तशीच घरोघर गेले, झाले ते सांगितले, उरलेली अंडी परत घेऊन पुरली आणि पैसे दिले. देवाच्या दयेने कोणाला काही झाले नाही. काकी रागावल्या नाहीत. पण त्या दिवसाची शरम मी विसरले नाही.

२०१७ मध्ये हॉलंड आणि बेल्जममध्ये हेच फार मोठ्या प्रमाणावर घडले. तांबडी कीड घालविण्यासाठी कोंबडीघरे धुण्याच्या औषधात फिप्रोनिल मिसळलेले निघाले. आपल्याकडे भाताच्या खोडकिडीवर मारतात तेच हे. अंड्यांत त्याचा अंश सापडला, अनेक देशांतून अंडी परत मागविली गेली आणि लक्षावधी अंडी नष्ट करावी लागली. शिकल्यासवरल्या देशातही किडीच्या घाईत माणूस अंडे खाणाऱ्याला विसरला.

या सर्वांतून मी काय शिकले ते सांगते. औषध कोंबडीला लागते हे खरे, पण कीड राहते भेगेत आणि जंत राहतात मातीत. जंतांची अंडी ओल्या, सावलीतल्या जमिनीत दोन आठवड्यांच्या आत पक्व होतात आणि महिनोन्‌महिने टिकतात. पट्टकृमी मुंग्या, भुंगेरे, गोगलगायी यांच्यातून कोंबडीच्या पोटात जातात. आपल्या कोकणच्या पावसाळ्यात तर दोघांचीही चंगळ. म्हणून खुराड्यातला घाण पेंढा दर आठवड्याला काढावा, भेगा लिंपून चुना द्यावा, दांडी उन्हात घालून तिच्यावरून पेटती चूड फिरवावी. पिलांना मोठ्या कोंबड्यांच्या जुन्या अंगणात न सोडता नव्या जागी चरू द्यावे. गॅस आल्यापासून आपल्या चुली थंडावल्या आणि राखही गेली. पाणी तापविण्याच्या चुलीची तरी राख कोरड्या जागी घालावी. लसूण, कडुनिंब द्यायला हरकत नाही, पण तेवढ्याने जंत पडतातच असे समजू नये. छाती सुकली, तुरा फिका पडला, अंडी कमी झाली, तर दवाखान्यात जाऊन वजनाप्रमाणे औषध घ्यावे आणि किती दिवस अंडी खायची नाहीत हे विचारूनच घरी यावे. उवांच्या पावडरीची दुसरी खेप आठ-दहा दिवसांनी द्यावीच लागते, कारण पहिल्या खेपेला लिखा मरत नाहीत.

शेवटी एक सुचविते. आपल्या वाडीत एकीने खुराडे धुतले आणि दुसरीने नाही, तर सगळ्याच कोंबड्या एकाच परसात चरतात. तेव्हा पावसाळ्याच्या आधी एक दिवस ठरवून सर्वांनी मिळून खुराडी साफ करावी आणि पशुवैद्यकांना मंडळात बोलवावे. आणि एखादी खुडूक कोंबडी अंड्यांवरून उठली, तर तिच्या नावाने बोटे मोडण्याआधी रात्री बॅटरी घेऊन डालगे उलटे करून पाहावे.