पावलॉव्हचे दुसरे कुत्रे

घंटा वाजताच लाळ गाळणारे पावलॉव्हचे कुत्रे आपल्याला पाठ्यपुस्तकांमुळे माहीत असतात. पण त्यांच्या आधी पावलॉव्ह यांनी कुत्र्यांवर आणखी एक प्रयोग केला होता. त्याची आठवण सहसा कोणी काढत नाही.

आतड्यांतून अन्नघटक घेऊन निघालेले रक्त सरळ हृदयाकडे जात नाही. एका मोठ्या शिरेतून ते आधी यकृतात शिरते. निकोलाय एक्क या रशियन शल्यविशारदाने १८७७ साली कुत्र्यांमध्ये ही शीर अधोमहाशिरेला जोडली आणि तिची यकृताकडची वाट बांधून टाकली. आठांपैकी एकच कुत्रा अडीच महिने जगला, आणि तोही पळून गेला! एक्क यांनी पुढे हा नाद सोडला.

पावलॉव्ह, नेन्स्की, हान आणि मासेन यांनी सेंट पीटर्सबर्गमध्ये हीच शस्त्रक्रिया केली आणि १८९३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. वाचलेले काही गरीब स्वभावाचे कुत्रे चिडखोर बनले, चावू लागले. मांस खाल्ल्यावर त्यांचा तोल जाई, दिसेनासे होई, झटके येत आणि शेवटी शुद्ध हरपे. नेन्स्की हे रसायनज्ञ. त्यांचा संशय अमोनियावर गेला. प्रथिनांच्या विघटनातून अमोनिया तयार होतो आणि निरोगी यकृत त्याचा युरिया बनवते. यकृताला वळसा घातलेले रक्त हा अमोनिया तसाच मेंदूपर्यंत नेते.

माणसात याचा पडताळा यायला जवळजवळ साठ वर्षे लागली, आणि तोही काहीसा अपघातानेच. १९५२ साली अमेरिकेत सिरॉसिसमुळे जलोदर झालेल्या काही रुग्णांना अमोनियमयुक्त औषधे दिली, तेव्हा ते गोंधळल्यासारखे वागू लागले. १९५४ मध्ये लंडनच्या शीला शेरलॉक आणि सहकाऱ्यांनी या विकाराचे सविस्तर वर्णन केले. कठीण झालेल्या यकृतातून वाट न मिळालेले रक्त आडवाटा शोधते. म्हणजे एक्क यांची शस्त्रक्रिया रोगच करून टाकतो.

मेंदूत युरिया बनवण्याची सोय नाही. तेथील तारकापेशी अमोनियापासून ग्लुटामिन बनवतात, पण त्यामुळे त्यांच्यात पाणी शिरते आणि त्या फुगतात. गुंगी फार पुढची गोष्ट. वरवर ठणठणीत दिसणाऱ्या रुग्णाला कागदावर विखुरलेले १ ते २५ आकडे क्रमाने जोडायला सांगितले, तर तो रेंगाळतो. गेल्या काही दशकांतील चुंबकीय प्रतिमांनी त्याचा एक धागा दाखवला आहे. निरोगी माणसात मेंदूचे दूरदूरचे भाग एका तालात काम करतात. अशा रुग्णांत हा ताल विस्कळीत होतो. घरच्यांना मात्र तो आळस किंवा विसराळूपणा वाटतो. दारू न पिणाऱ्यावरही पिऊन आल्याचा आळ येतो.

कुत्र्यांच्या मांसभोजनाचा एक परिणाम फारसा चांगला झाला नाही. अनेक वर्षे डॉक्टर अशा रुग्णांची प्रथिने तोडत राहिले. तर्क सरळ होता, पण त्यात स्नायू विसरले गेले. यकृत थकले की अमोनियाचा बराच भार स्नायू उचलतात, आणि प्रथिनांवाचून तेच झिजतात. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या बार्सिलोनातील एका तुलनात्मक चाचणीत नेहमीइतकी प्रथिने घेणाऱ्या रुग्णांचा मेंदूविकार त्यामुळे बळावला नाही. प्रथिने तोडलेल्यांच्या शरीरातील प्रथिनेच अधिक झिजली. तेव्हापासून डाळ, दूध, दही रुग्णाच्या ताटात परत येऊ लागले आहे.