कोयनेची जाळी

पूल असो, टायर असो की विमानाचा पंख, कुठे किती ताण येईल हे आधी संगणकावर पाहून घ्यायचं असेल तर जगभरचे अभियंते अबॅकस हे सॉफ्टवेअर वापरतात. त्याच्यासोबत सोडवलेल्या उदाहरणांचा एक संच येतो. त्यात भूकंपात सापडलेल्या एका कॉन्क्रीटच्या धरणाचं उदाहरण आहे. भिंतीची उंची १०३ मीटर, मागे ९१.७५ मीटर पाणी, आणि भिंतीच्या उभ्या छेदावर अंथरलेली ७६० चौकोनांची जाळी. हे धरण म्हणजे पाटण तालुक्यातली आपली कोयना. कॅनडात, तुर्कस्तानात, चीनमध्ये किती संगणकांवर ही भिंत आजवर हादरवली गेली असेल, त्याची मोजदाद नाही. कॉन्क्रीट कसं फुटतं हे काढायची नवी पद्धत कुणी मांडली, की ती आधी कोयनेवर चालवून दाखवायची, असा शिरस्ताच पडला आहे.

ही कीर्ती दुःखातून आलेली आहे. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी धक्का बसला. कोयनानगरची घरं कोसळली, दीडशेहून अधिक माणसं गेली. धरण उभं राहिलं, पण त्याच्या उंच खंडांना पाण्याकडच्या आणि खालच्या, दोन्ही अंगांनी आडव्या भेगा गेल्या. त्याच वेळी धरणाच्या १-अ या खंडाच्या गॅलरीत बसवलेल्या यंत्रानं हादऱ्याची सगळी नोंद घेतली. नदीच्या दिशेनं त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या ०.४९ पटींपर्यंत गेलं होतं. आराखड्यात ते ०.०५ पट धरलं होतं. धक्का किती, भिंतीचा आकार कसा आणि भेग नेमकी कुठे, ही तिन्ही उत्तरं एकाच धरणाबद्दल हाती असणं फार दुर्मीळ आहे. म्हणून सगळे कोयनेकडे येतात.

भेगा पडल्या त्या पायापासून सुमारे ६६ मीटरवर, जिथे खालच्या अंगाचा उतार एकदम बदलतो तिथे. बांधकाम चालू असतानाच उंचीचा बेत बदलला आणि छेदाला ही मान आली. जुन्या हिशेबात सगळी भिंत एकसारखी हलते असं धरत. त्या हिशेबात मानेला काहीच धोका दिसत नव्हता. बर्कली विद्यापीठात अनिल चोप्रा आणि पी. चक्रबर्ती यांनी १९७० नंतरच्या दोन-तीन वर्षांत यंत्रानं टिपलेला धक्का जाळीवर चालवला, तेव्हा चित्र पालटलं. माथा पायापेक्षा कितीतरी जास्त झुलत होता आणि कॉन्क्रीटला न पेलणारा ताण मानेपाशीच येत होता.

या जाळीचा वंश शोधत मागे गेलं, की पिढ्यानपिढ्या धरणंच भेटत राहतात. १९१० साली लुई फ्राय रिचर्डसन यांनी रॉयल सोसायटीपुढे निबंध मांडला, त्यातलं उदाहरण होतं इजिप्तमधल्या आस्वान धरणाचं. अखंड भिंतीचं समीकरण सुटत नव्हतं. म्हणून त्यांनी छेदावर चौकटी आखल्या, आणि प्रत्येक बिंदूवरचा आकडा शेजारच्या बिंदूंवरून काढायचा, सगळे आकडे एकमेकांशी जुळेपर्यंत पुन्हा पुन्हा, असा मार्ग धरला. संगणक म्हणजे तेव्हा पगारी पोरं. त्यांना दर बिंदूमागे, आकड्यात जितके अंक त्या हिशेबानं, पेनीच्या अंशात मजुरी मिळे. सर्वांत चपळ पोरगा तीन अंकी आकड्यांवर आठवड्याला २००० क्रिया उरकायचा, आणि चुकलेल्या धरल्या जात नसत. अधिक-उणे चिन्हांच्या सरमिसळीनं मुलांना फार छळलं, असंही रिचर्डसन नोंदवतात. आज सेकंदात होणाऱ्या कामाच्या मुळाशी ही अनामिक मुलं आहेत. त्यांची आठवण ठेवायला हवी असं मला मनापासून वाटतं.

पुढे रेनिकॉफनी १९४१ मध्ये अखंड पत्र्याच्या जागी सळ्यांची चौकट कल्पून तसाच ताणाचा प्रश्न सोडवला. जनरल इलेक्ट्रिकमधल्या गॅब्रिएल क्रॉन यांनी १९४४ मध्ये लवचीक पदार्थासाठी विजेच्या मंडलांचं जाळं मांडलं, आणि पुढच्याच वर्षी इलेक्ट्रॉनचं वर्तन सांगणाऱ्या श्रोडिंगरच्या समीकरणासाठीही. भिंतीसारखा लवचीक पदार्थ आणि इलेक्ट्रॉन एकाच माणसाच्या हातात एकाच प्रकारच्या जाळ्यात आले, हा या वंशावळीतला मला सर्वांत मोलाचा वाटणारा सांधा. झिएंकिएविच यांचा १९४५ चा प्रबंध धरणांवरच होता, आणि फायनाइट एलिमेंट, म्हणजे अखंड वस्तूचे छोटे तुकडे करून सोडवायच्या पद्धतीवरचं त्यांचं पहिलं पाठ्यपुस्तक आलं १९६७ मध्ये, कोयना हादरली त्याच वर्षी. मधल्या काळात बर्कलीला क्लफ आणि विल्सन यांनी १९६२ मध्ये अमेरिकेतल्या नॉरफोर्क धरणाची उभी भेग त्रिकोणांच्या जाळीवर तपासली होती.

धरणंच का? लांबलचक भिंतीचा एक छेद घेतला की प्रश्न कागदाच्या सपाटीवर येतो, आणि चूक झाली तर किंमत खालची गावं मोजतात. सोय आणि धास्ती, दोन्हींनी मिळून हे गणित पुढे नेलं.

पण जाळी कुठेतरी थांबवावी लागते आणि खरी परीक्षा तिथे होते. भिंत संपते, पाणी संपत नाही. कोयनेचा जलाशय, शिवसागर, मागे कित्येक किलोमीटर पसरलेला आहे. भिंत हलली की पाण्यात लाट उठते आणि मागे निघून जाते. जाळीत पाणी थोडंच घेतलं, तर कृत्रिम काठावर आपटून ती लाट परत येते आणि उत्तर बिघडतं. वेस्टरगार्ड यांनी १९३३ मध्ये सोपा तोडगा दिला: पाण्याचा ठरावीक भाग भिंतीला चिकटूनच हलतो असं धरा. अबॅकसमधल्या कोयनेत आजही तोच वापरलेला आहे. चोप्रांच्या परंपरेत पाणी अनंत धरून त्याचा सगळा परिणाम भिंतीलगतच्या बिंदूंवर गणितानं आणून ठेवतात.

अगदी हीच युक्ती इलेक्ट्रॉनच्या जाळीत आहे. क्वांटम वहनाचं, म्हणजे अतिसूक्ष्म रचनांतून इलेक्ट्रॉन कसे जातात ते काढणारं, ‘क्वांट’ हे पायथनमधलं मोफत सॉफ्टवेअर ग्रोथ, विमर, अखमेरोव्ह आणि वेंटाल यांनी २०१४ मध्ये शोधनिबंधातून मांडलं. त्यात आधी जाळी निवडायची, चौरस किंवा ग्राफीनची षटकोनी. मग हवा तो आकार बिंदूंनी भरायचा. चौरस जाळीत प्रत्येक बिंदूला ४ट ऊर्जा आणि शेजाऱ्याकडे उडी मारायला उणे ट. हा ‘ट’ इलेक्ट्रॉनच्या वस्तुमानावर आणि बिंदूंमधल्या अंतरावर ठरतो. अंतर निम्मं केलं की तो चौपट होतो. शेवटी ज्यांतून इलेक्ट्रॉन येणार-जाणार त्या तारा जोडायच्या. या तारा अनंत लांब असतात. त्या जाळीत कधीच पूर्ण येत नाहीत. त्यांचा सगळा परिणाम टोकाच्या बिंदूंवर येतो, शिवसागराचा भिंतीवर येतो तसाच. आत गेलेल्यांपैकी पलीकडे किती पोहोचले यावरून विद्युतवहन काढायचं, हा लँडाउअर यांचा १९५७ चा विचार.

इलेक्ट्रॉनच्या या शाखेला दुसरं कूळही आहे. ब्लॉख यांनी १९२८ मध्ये स्फटिकातला इलेक्ट्रॉन अणूवरून अणूवर जातो असं मांडलं. तिथे जाळी निसर्गानंच दिलेली होती. पण हजारो बिंदूंची समीकरणं सोडवायची रीत पुन्हा अभियंत्यांच्या बाजूनं आली. १९७३ मध्ये ॲलन जॉर्ज यांनी फायनाइट एलिमेंटच्या जाळीसाठी एक क्रम सुचवला: जाळी मधोमध कापा, अर्धे भाग पुन्हा कापा, कापलेल्या रेषांवरचे बिंदू सर्वांत शेवटी सोडवा. पट्टीमागून पट्टी सोडवत गेलं तर चौरसाची बाजू दुप्पट झाल्यावर काम सोळापट वाढतं. या रीतीनं आठपटच. क्वांटच्या पोटात आज हीच रीत चालते.

कोयनेचं पाणी कराडला कृष्णेत मिळतं आणि सांगलीला येतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर चढलं. धोक्याची पातळी ४५ फूट आहे. पुराचं गणितही जाळीवरच होतं, आणि अडचणी त्याच. चौकट मोठी असेल तर गल्ली, ओढा, बांध तिच्यात गडप होतात. खालचा काठ कुठे धरायचा हाही प्रश्न आहेच: खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या भिंतीपाशी की त्याआधी, आणि तिथली पाणीपातळी कोणत्या दिवशी किती होती असं मानायचं? अलमट्टीच्या फुगवट्यानं पूर चढतो का, या सांगलीत दर पावसाळ्यात पेटणाऱ्या वादात बाजू कुणाचीही असो, मॉडेलचा निष्कर्ष सांगताना हा काठ आणि ही चौकट आधी सांगितली जायला हवी. कराडच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात आणि सांगलीच्या वालचंदमध्ये मुलांना जाळी शिकवताना पहिलं उदाहरण कोयनेचंच द्यावं. चौकोन आधी मोठे घ्यावेत, मग बारीक, आणि भेग मानेवरून सरकते का ते मुलांनी स्वतः पाहावं.