लोहाराचा ताव आणि वेल्डरचा सांधा : शहापूर-मुरबाडच्या संदर्भात एक टिपण

पोलादाचे गुणधर्म घटकांइतकेच त्याला दिलेल्या उष्णतेवर अवलंबून असतात. ग्रामीण ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड या भातशेतीच्या तालुक्यांत विळे-कोयते घडविणाऱ्या लोहारांच्या कामाचा हाच पाया होय. तापलेल्या धारेला ‘पाणी दिले’ की ती कठीण, पण ठिसूळ होते; पुन्हा सौम्य ताव दिला की चिवटपणा येतो. पृष्ठभागावर उमटणारा पिवळा, तपकिरी वा निळा रंग हाच तापमापक ठरतो.

विसाव्या शतकात विमानांच्या व पुढे शर्यतीच्या मोटारींच्या सांगाड्यांसाठी क्रोमियम-मॉलिब्डेनम पोलादाच्या नळ्या प्रचारात आल्या. त्यांपैकी ४१३० या प्रकारात कार्बन सुमारे ०.३० टक्के असतो. वेल्डिंगनंतर सांधा झपाट्याने निवल्यास तोच ठिसूळपणा उद्भवतो. पातळ नळ्या वाऱ्यापासून दूर, स्थिर हवेत निवू दिल्यास स्वतंत्र उष्णतासंस्कार बहुधा लागत नाही. जाड सांध्यांना तो द्यावा लागतो. अंदाजाने ज्योत फिरविणे मात्र अपायकारक ठरू शकते. मोटार उलटल्यास चालकाचे प्राण या सांध्यांवरच विसंबून असतात.

शहापूर तालुक्यातील वासिंद येथे १९८२ मध्ये आधुनिक पोलाद कारखाना आला. कारखान्याचा इतिहास कागदपत्रांत टिकतो. लोहाराचे ज्ञान हातातून हातात जाते व हात थांबताच लोपते. म्हणूनच त्याची नोंद होणे हे स्थानिक इतिहासलेखनाचे निकडीचे कार्य आहे.