हौशी, व्यावसायिक, ज्येष्ठ : चार्ली सिफर्ड आणि कारकिर्दीचा हिशेब

'हौशी' हा मराठीतला एक प्रेमळ शब्द आहे. हौशी नाट्यसंस्था म्हटले की पोटासाठी नव्हे तर आवडीसाठी राबणारी माणसे डोळ्यांसमोर येतात. 'अॅमॅच्युअर' या शब्दाचे मूळही प्रेम करणे या अर्थाच्या लॅटिन धातूत आहे. गोल्फच्या इतिहासात मात्र या शब्दाने प्रेमापेक्षा वर्गभेदाचे काम अधिक केले. इंग्लंडमध्ये विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत हौशी खेळाडू हा सद्गृहस्थ आणि व्यावसायिक हा नोकर, अशी सरळ वाटणी होती. व्यावसायिकाला क्लबहाऊसमध्ये प्रवेश नसे. १९२० साली डील येथे वॉल्टर हेगन या अमेरिकन व्यावसायिकाने भाड्याची मोटार क्लबहाऊससमोर उभी करून तीतच कपडे बदलले, ती कथा प्रसिद्धच आहे. अमेरिकेत ही वाटणी इतकी कडक नव्हती, तरी ठराविक वयानंतर पैसे घेऊन कॅडीचे, म्हणजे दुसऱ्याची गोल्फची पिशवी वाहण्याचे काम करणाऱ्यास हौशी मानायचे नाही, असा नियम तेथे दीर्घकाळ होता.

हा संदर्भ देण्याचे कारण असे की, गोल्फपटूच्या चरित्राचा एक ठरलेला आराखडा असतो. प्रथम हौशी स्पर्धांतील यश, मग व्यावसायिक दौऱ्यावरचा ऐन बहराचा काळ, आणि पन्नाशीनंतर ज्येष्ठांच्या स्पर्धांतील उत्तरपर्व. जॅक निकलस यांचे आयुष्य या आराखड्यात नेमके बसते. १९५९ आणि १९६१ अशी दोनदा त्यांनी अमेरिकेची राष्ट्रीय हौशी स्पर्धा जिंकली, नोव्हेंबर १९६१मध्ये एकविसाव्या वर्षी व्यावसायिक होण्याचे जाहीर केले, पुढे अठरा प्रमुख अजिंक्यपदे मिळवली आणि १९९०मध्ये पन्नास पूर्ण होताच ज्येष्ठांत प्रवेश केला. ब्रह्मचर्याश्रमापासून वानप्रस्थापर्यंत सारे यथाकाल.

त्याच नोव्हेंबर १९६१मध्ये अमेरिकेतील व्यावसायिक गोल्फपटूंच्या संघटनेने, पीजीएने, आपल्या घटनेतील एक कलम रद्द केले. सदस्यत्व केवळ 'कॉकेशियन वंशाच्या' व्यावसायिकांना मिळेल, असे ते कलम १९३४पासून लेखी होते. त्या दिवशी चार्ली सिफर्ड एकोणचाळीस वर्षांचे होते. एकाच महिन्यात दोन कारकिर्दींचा दरवाजा उघडला. पण एकाच्या पुढे सगळा दिवस होता, तर दुसऱ्याची दुपार कलत आली होती.

सिफर्ड यांचा जन्म १९२२चा, नॉर्थ कॅरोलायनातील शार्लट येथला. लहान वयातच ते साठ सेंट रोजावर गोऱ्या खेळाडूंच्या पिशव्या वाहू लागले. तेराव्या वर्षी त्यांचा खेळ अनुभवी प्रौढांच्या तोडीचा होता. निकलस या वयात प्रशिक्षकाकडून धडे घेत होते. सिफर्ड पिशवी वाहता वाहता दुसऱ्यांचे फटके पाहून शिकले. पुढे फिलाडेल्फियाला स्थलांतर, दुसऱ्या महायुद्धातील सैनिकी सेवा, गायक बिली एक्स्टाइन यांना गोल्फ शिकवण्याची नोकरी, आणि १९४८मध्ये व्यावसायिक म्हणून आरंभ. चरित्राच्या आराखड्यातील 'हौशी' हे पहिले प्रकरण इथे नाहीच. खेळावर प्रेम नव्हते म्हणून नव्हे, तर केवळ प्रेमापोटी खेळणे हीच ज्यांना परवडणारी चैन होती, त्यांच्यात त्यांची गणना नव्हती म्हणून.

व्यावसायिक हे दुसरे प्रकरणही दुहेरी होते. कृष्णवर्णीय खेळाडूंनी १९२०च्या दशकात आपली स्वतंत्र संघटना उभारली होती. तिच्या राष्ट्रीय स्पर्धेत सिफर्ड १९५२ ते १९५६ सलग पाच वेळा आणि १९६०मध्ये सहाव्यांदा विजयी झाले. ही अजिंक्यपदे पीजीएच्या हिशेबात नाहीत. त्या हिशेबात शिरण्याचा प्रयत्न करावा तर काय होई? १९५२च्या फीनिक्स ओपनमध्ये पहिल्याच ग्रीनवर पोहोचल्यावर त्यांना भोकात मानवी विष्ठा भरलेली आढळली. १९६१च्या एप्रिलमध्ये ग्रीन्सबरो येथे, म्हणजे स्वतःच्याच जन्मप्रांतात, पहिल्या दिवशी ६८ फटक्यांत फेरी संपवून ते आघाडीवर होते. त्या रात्री दूरध्वनीवरून जिवे मारण्याची धमकी आली. दुसऱ्या दिवशी प्रेक्षकांतील एक टोळके शिवीगाळ करीत त्यांच्या मागोमाग चालत राहिले. अखेर त्यांचा क्रमांक चौथा लागला. 'चौथा' या नोंदीत ती रात्र कुठेच दिसत नाही.

ते कलम आपोआप गेले नाही, हेही नमूद करायला हवे. बिल स्पिलर हा सिफर्ड यांच्याहून नऊ वर्षांनी मोठा खेळाडू. पदवीधर असूनही लॉस एंजेलिसच्या रेल्वे स्थानकावर हमाली केलेला. १९४८मध्ये पात्रता सिद्ध करूनही त्याला आणि टेड ऱ्होड्सला एका स्पर्धेतून वगळले गेले. त्यांनी दावा लावला. संघटनेने भेदभाव न करण्याचे आश्वासन देऊन तडजोड केली आणि मग स्पर्धा 'निमंत्रितांच्या' म्हणवून घेऊन पळवाट काढली. पुढे कॅडीचे काम करीत असताना स्पिलरने आपली हकिगत एका क्लब सदस्याला सांगितली आणि ती कॅलिफोर्नियाचे महाधिवक्ता स्टॅन्ली मॉस्क यांच्यापर्यंत पोहोचली. मॉस्क यांनी असे कलम असलेल्या संघटनेला राज्यातील मैदाने वापरू देणार नाही, असे बजावले. १९६२ची पीजीए अजिंक्यपद स्पर्धा लॉस एंजेलिसहून पेनसिल्व्हेनियात हलवली गेली, आणि त्यानंतरच कलम रद्द झाले. स्पिलर तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांचा होता. दार त्याने उघडले, पण त्यातून आत जाण्याचे त्याचे वय उलटून गेले होते.

सिफर्ड मात्र गेले. १९६७मध्ये पंचेचाळिसाव्या वर्षी हार्टफर्डची स्पर्धा त्यांनी अखेरच्या दिवशी ६४ची फेरी खेळून जिंकली. १९६९मध्ये लॉस एंजेलिस ओपन, तीही रँचो पार्क या नगरपालिकेच्या सार्वजनिक मैदानावर. निर्णायक लढतीत हरलेला प्रतिस्पर्धी हॅरल्ड हेनिंग वर्णद्वेषी राजवटीतील दक्षिण आफ्रिकेचा गोरा खेळाडू होता. योगायोगच, पण इतिहासाला असे योगायोग आवडतात. तरीही ऑगस्टाच्या मास्टर्स स्पर्धेचे निमंत्रण त्यांना कधीच आले नाही. दौऱ्यावरील विजेत्याला आपोआप निमंत्रण मिळण्याचा नियम १९७२पासूनचा. त्याचा लाभ होऊन १९७५मध्ये ऑगस्टाला खेळणारा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू ठरला ली एल्डर.

त्याच १९७५मध्ये सिफर्ड पीजीएच्या ज्येष्ठांच्या स्पर्धेचे विजेते झाले. १९८०मध्ये ज्येष्ठांचा स्वतंत्र दौरा सुरू झाला, तेव्हा पहिल्याच हंगामातील मोजक्या स्पर्धांपैकी सनट्री येथील स्पर्धा त्यांनी अठ्ठावन्नाव्या वर्षी जिंकली. इथे एक गंमत आहे. हा दौरा मुळात स्मरणरंजनावर उभा होता. प्रेक्षक जुन्या विजेत्यांना, म्हणजेच स्वतःच्या तारुण्याला, भेटायला येत. सिफर्ड यांच्याजवळ असा सर्वांनी मिळून पाहिलेला भूतकाळ नव्हताच. इतरांसाठी जे पुनःप्रत्ययाचे प्रकरण होते, ते त्यांच्यासाठी बऱ्याच अंशी पहिलेच होते. मुख्य दौऱ्यावर मिळाले नाहीत एवढे पैसे त्यांना या उत्तरपर्वात मिळाले. याला नुकसानभरपाई म्हणावे का? मला तसे वाटत नाही. पैसे उशिरा देता येतात. तिशी उशिरा देता येत नाही.

१९९२मध्ये त्यांचे आत्मचरित्र आले. शीर्षक 'जस्ट लेट मी प्ले'. मला फक्त खेळू द्या, या चार शब्दांत विनवणी किती आणि वैताग किती, हे ठरवणे कठीण आहे. दलित आत्मकथने वाचलेल्या मराठी वाचकाला हा स्वर परका वाटणार नाही. इथे नायक होण्याची हौस नाही. साधे, इतरांना विनासायास मिळणारे काहीतरी हवे आहे, आणि त्यासाठी नायक व्हावे लागल्याचा राग आहे.

मानसन्मान नंतर आले. २००४मध्ये जागतिक गोल्फ हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळालेले ते पहिले कृष्णवर्णीय खेळाडू, २०१४मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामांच्या हस्ते स्वातंत्र्यपदक, आणि फेब्रुवारी २०१५मध्ये मृत्यू. स्पिलर आणि ऱ्होड्स यांना पीजीएने २००९मध्ये मरणोत्तर सदस्यत्व दिले.

नोंदवहीत निकलस यांच्या नावापुढे मुख्य दौऱ्यावरील विजय ७३, सिफर्ड यांच्या नावापुढे २. दोन्ही आकडे खरे आहेत, आणि त्यांची तुलना खोटी आहे. कारण आकडा सांगतो ते जे घडले ते. जे घडू दिले गेले नाही त्याच्यासाठी नोंदवहीत रकाना नसतो. वाङ्मयेतिहास शिकवताना आपणही पुस्तकांची संख्या, पारितोषिके आणि प्रकाशनवर्षे फळ्यावर लिहितो. एखाद्या लेखकाचे पहिले पुस्तक चाळिशीनंतर आलेले दिसले, तर आधीच्या कोऱ्या वर्षांत दार कोणी आणि कोणत्या कलमाने बंद ठेवले होते, हा प्रश्न त्या सनावळीच्या शेजारीच लिहायला हवा.