स्पॅनिश निबंधाचे मूल्यमापन : चुका मोजायच्या की भाषा जोखायची?

अमेरिकेतील शाळांमध्ये सर्वाधिक शिकली जाणारी परकीय भाषा म्हणजे स्पॅनिश. मराठी घरांतील मुलेही ती अनेक वर्षे शिकतात आणि पुढे महाविद्यालयीन श्रेयांकाच्या आशेने ‘एपी स्पॅनिश लँग्वेज अँड कल्चर’ परीक्षेला बसतात. मुलाचा निबंध तपासून आला की पालकांची नजर प्रथम लाल खुणांवर जाते. खुणा जितक्या अधिक तितके गुण कमी, असा हिशेब सहज मांडला जातो. द्वितीय भाषेतील निबंधाला मात्र हा हिशेब लागू पडत नाही.

दोन पद्धती

मूल्यमापनाच्या प्रमुख पद्धती दोन. समग्र पद्धतीत परीक्षक संपूर्ण निबंध वाचून, ठरलेल्या वर्णनांशी ताडून, एकच गुण देतो. विश्लेषणात्मक पद्धतीत प्रत्येक अंगाला स्वतंत्र गुण असतात. हॉली जेकब्स व सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये द्वितीय भाषा म्हणून लिहिलेल्या इंग्रजी निबंधांसाठी तयार केलेली शंभर गुणांची पट्टी या पद्धतीचे प्रसिद्ध उदाहरण आहे : आशय ३०, भाषाप्रयोग २५, मांडणी २०, शब्दसंपदा २० आणि लेखनतंत्र अवघे ५. शुद्धलेखन व विरामचिन्हांना दिलेले हे स्थान बोलके आहे. स्पेनच्या इन्स्टिट्यूटो सेर्व्हान्तेसच्या ‘डेले’ परीक्षेतही लेखन पारखताना लेखनप्रकाराशी सुसंगती, सुसूत्रता, अचूकता आणि भाषेचा आवाका असे निकष वापरले जातात. अचूकता हा त्यांतील केवळ एक निकष होय.

एपी परीक्षेतील निबंध

मे २०१४ पासून लागू झालेल्या एपी परीक्षेच्या स्वरूपात निबंधासाठी तीन स्रोत दिले जातात : एक लेख, एक तक्ता अथवा आलेख आणि दोनदा ऐकवली जाणारी ध्वनिफीत. सुमारे १५ मिनिटे स्रोत समजून घेण्यासाठी आणि ४० मिनिटे लेखनासाठी. निबंधाला शून्य ते पाच या श्रेणीत समग्र गुण मिळतो व एकूण निकालात त्याचा वाटा साडेबारा टक्के असतो.

पाच गुणांच्या निबंधातही अधूनमधून चुका चालतात, मात्र त्यांनी अर्थबोधात अडथळा येता कामा नये. तिन्ही स्रोतांतील आशय स्वतःच्या युक्तिवादात गुंफलेला असावा लागतो. स्रोतांचा नुसता सारांश देणारा विद्यार्थी, त्याचे व्याकरण निर्दोष असले तरी, वरच्या श्रेणीला पोहोचत नाही. चांगले व्याकरण असूनही गुण कमी का पडले, या पालकांच्या प्रश्नाचे उत्तर बहुधा येथेच सापडते.

चूक आणि चूक

‘कासा’ म्हणजे घर. हा शब्द स्त्रीलिंगी असल्याने पांढऱ्या घराला ‘कासा ब्लांका’ म्हणावे लागते. ‘कासा ब्लांको’ लिहिले तर वाचक अडखळतो, पण अर्थ कळतो. ‘एस्तोय आबुर्रिदो’ म्हणजे ‘मला कंटाळा आला आहे’, तर ‘सोय आबुर्रिदो’ म्हणजे ‘मी कंटाळवाणा माणूस आहे’. येथे एका क्रियापदाने अर्थच पालटतो. ‘आब्लो’ या शब्दात शेवटच्या स्वरावर आघातचिन्ह नसेल तर ‘मी बोलतो’, असेल तर ‘तो बोलला’. अर्थ बिघडवणारी चूक आणि केवळ कानाला खटकणारी चूक यांना कसलेला परीक्षक एकाच मापाने मोजत नाही.

चुकांची संख्या आणखी एका कारणाने फसवी ठरते. लहान, सुरक्षित वाक्ये लिहिणाऱ्याच्या चुका थोड्या होतात. गुंतागुंतीची रचना करू पाहणाऱ्याच्या अधिक. ‘तरुणांनी वाचावे हे महत्त्वाचे आहे’ या मराठी वाक्यात ‘वाचावे’ हे विध्यर्थी रूप येते. स्पॅनिशमध्येही अशा जागी क्रियापदाचे वेगळे रूप, ‘लेआन’, योजावे लागते. ते वापरू पाहून चुकणारा विद्यार्थी, ते टाळणाऱ्याच्या पुढे गेलेला असू शकतो.

मराठी घरातील मुलांना येथे एक लाभ आहे. ‘मला पुस्तके आवडतात’ या वाक्यात क्रियापद पुस्तकांनुसार चालते. ‘मे गुस्तान लोस लिब्रोस’ या स्पॅनिश वाक्यातही तसेच. इंग्रजीतून विचार करणाऱ्याला अवघड जाणारी ही रचना मराठी बोलणाऱ्याच्या ओळखीची असते.

दुरुस्ती किती करावी?

प्रत्येक चूक दाखवल्याने लेखन सुधारते का, हा वाद जुना आहे. व्याकरणदुरुस्ती निष्फळ, प्रसंगी घातक ठरते, असे जॉन ट्रस्कॉट यांनी १९९६ मध्ये मांडले. १९९९ मध्ये डेना फेरिस यांनी त्याचा प्रतिवाद करून निवडक व स्पष्ट दुरुस्तीची बाजू घेतली. म्हणूनच अनेक शिक्षक एका वेळी दोन-तीन प्रकारच्या चुकांवरच बोट ठेवतात आणि निबंध पुन्हा लिहून घेतात. कोऱ्या राहिलेल्या ओळी निष्काळजीपणाची खूण असतीलच असे नाही.

कॉलेज बोर्ड मागील वर्षांचे प्रश्न, नमुना उत्तरे आणि गुणांमागील कारणमीमांसा संकेतस्थळावर प्रसिद्ध करते. पाच, तीन आणि एक गुण मिळालेले निबंध शेजारी ठेवून मुलाबरोबर वाचावेत. स्पॅनिश न येणाऱ्या पालकालाही तीन प्रश्न विचारता येतात : तुझे मत काय, ते कोणत्या स्रोतावर उभे आहे आणि विरुद्ध बाजूला तू काय उत्तर दिलेस? लाल खुणा मोजण्यापेक्षा या प्रश्नांनी निबंधाची खरी पारख होते.