हिरवळीखालची हुमणी



ऑगस्ट सरत आला की श्रूजबरीतल्या घरांपुढच्या हिरवळीवर तपकिरी डाग दिसू लागतात. पाणी कमी पडलं की कीड लागली, यावर घराघरांत चर्चा होते आणि बरेचदा निर्णय होण्याआधीच औषधाची पिशवी घरी येते. आज या किडीचा आणि तिच्यावरच्या औषधांचा इतिहास पाहू या. ती पिशवी फोडण्यापूर्वी तो माहीत असलेला बरा.

ज्यांच्या गावाकडे ऊस आहे, त्यांना ही कीड नवी नाही. ही हुमणी. पांढरट, अर्धगोल वळलेली, तपकिरी डोक्याची अळी, जमिनीत राहून मुळं खाणारी. आपल्याकडे वळवाचा पाऊस झाला की हुमणीचे भुंगेरे संध्याकाळी कडुलिंब-बाभळीवर जमतात. शेतकरी फांद्या हलवून ते खाली पाडतात आणि रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाकतात. इथल्या हिरवळीत सापडणारी हुमणी त्याच कुळातली, पण अनेकदा ती जपानी भुंगेऱ्याची असते. हा भुंगेरा हिरव्या चकचकीत अंगाचा आणि तांबूस पंखांचा. दोन्ही कडांना पांढऱ्या केसांचे बारीक पुंजके दिसले की तो ओळखावा.

१९१६ साली न्यू जर्सीतल्या रिव्हरटनजवळच्या एका रोपवाटिकेत असे जेमतेम डझनभर भुंगेरे सापडले. बाहेरून येणाऱ्या रोपांची तपासणी सक्तीची करणारा कायदा १९१२ चा. त्याआधीच जपानहून आलेल्या कंदांच्या मातीतून अळ्या आल्या असाव्यात, असं मानतात. जपानात या किडीला शत्रू होते आणि मोठाली कुरणं नव्हती. इथे शत्रू कमी आणि घरोघरी हिरवळ. मग काय, तिला रान मोकळं मिळालं!

उपाय म्हणून हाती होतं शिसे आणि आर्सेनिक यांचं संयुग, लेड आर्सेनेट. त्याचा जन्म आपल्याच मॅसॅच्युसेट्समधला. १८६० च्या दशकाच्या अखेरीस मेडफर्डमध्ये एका हौशी संशोधकाने युरोपातून आणलेले पतंग निसटले. त्यांचे सुरवंट झाडं फस्त करू लागले, म्हणून १८९०च्या दशकात हे विष तयार झालं. पुढे ते सफरचंदाच्या बागांत फवारलं गेलं आणि हुमणीसाठी हिरवळीतही मिसळलं गेलं. शिसे आणि आर्सेनिक कुजत नाहीत. जुन्या बागांच्या मातीत ते आजही सापडतात, आणि अशा बागांच्या जागी अनेक ठिकाणी वसाहती उभ्या राहिल्या आहेत.

दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटी, क्लोरडेन, डिल्ड्रिन आले. १९५४ साली इलिनॉयमधल्या शेल्डन परिसरात जपानी भुंगेऱ्यासाठी विमानातून डिल्ड्रिन टाकलं, आणि असंख्य पक्षी व शेतांवरच्या मांजरी मेल्या. रेचल कार्सन यांनी १९६२ च्या ‘सायलेंट स्प्रिंग’मध्ये ही हकीकत सांगितली. १९७२ मध्ये अमेरिकेत डीडीटीच्या जवळजवळ सगळ्या वापरावर बंदी आली, १९८८ मध्ये क्लोरडेनही गेलं. भुंगेरा मात्र आहे तिथेच आहे.

ही साखळी संपलेली नाही. नंतर आलेल्या निओनिकोटिनॉइड गटातल्या औषधांचा मधमाश्यांना धोका दिसला. म्हणून १ जुलै २०२२ पासून मॅसॅच्युसेट्समध्ये हिरवळीवर ती फक्त परवानाधारकच वापरू शकतात. आणि लक्षात घ्या, श्रूजबरीच्या नळाला येणारं पाणी गावच्याच विहिरींचं आहे. अंगणात ओतलेलं सगळं तिथेच थांबत नाही.

मग करायचं काय? आधी मोजायचं. ऑगस्टअखेर ते सप्टेंबरमध्ये, डागाच्या कडेला एक चौरस फूट तुकडा तीन बाजूंनी कापा, पान उलटावं तसा उलटा आणि अळ्या मोजा. निरोगी हिरवळीला आठ-दहापर्यंत सहज सोसतात, तेवढ्यासाठी औषध नको. हिरवळ ओढल्यावर सतरंजीसारखी उचलून आली, किंवा रात्री स्कंक येऊन माती उकरत असले, तर संशय बळकट समजा. एकही अळी नसेल, तर कारण उन्हाचं किंवा पाण्याचं असेल.

गवत तीन इंचांहून खाली कापू नका, मुळं खोल जातात. भुंगेऱ्याची मादी जुलैत ओलसर मातीत अंडी घालते, म्हणून त्या महिन्यात पाणी बेताचं ठेवा. अळ्या जास्तच असतील तर हेटेरोरॅब्डायटिस जातीचे सूत्रकृमी मिळतात. अळ्या लहान असताना, संध्याकाळी, ओल्या मातीत ते सोडतात. गुलाबावरचे भुंगेरे सकाळी, ते सुस्त असताना, साबणाच्या पाण्यात झटकावेत. म्हणजे आपल्या शेतकऱ्यांचीच रीत, फक्त रॉकेल वगळून!

आणि डोळसपणाला कमी लेखू नका. २००८ मध्ये शेजारच्या वूस्टरमध्ये काळ्या अंगावर पांढरे ठिपके असलेला, लांब मिशांचा आशियाई भुंगेरा एका रहिवाशाच्या नजरेस पडला आणि कळवला गेला. तोवर तो वर्षानुवर्षं झाडं पोखरत होता. श्रूजबरीसह या परिसरातली तीस हजारांहून अधिक झाडं तोडावी लागली. कुणी आधी नीट पाहिलं असतं तर कदाचित कमी गेली असती.

तेव्हा या वर्षी दुकानात जाण्याआधी खुरपं घ्या, मुलांना सोबत घ्या आणि गुडघे टेकून मोजा.