मोटारीतला राजा

श्रोतेहो, राजापेठेतून बडनेऱ्याच्या रस्त्याला लागलेला एखादा मोटारवाला दोन्ही हात चाकावर ठेवून टेलिफोनवर बोलतो, तेव्हा त्याच्या शेजारी दहाव्या शतकातला एक राजा बसलेला असतो, बरं का! डेन्मार्कचा हाराल्ड ब्लूटूथ. सारा डेन्मार्क आणि नॉर्वे आपण जिंकला, असे त्याने जेलिंगच्या शिळेवर कोरवून ठेवले आहे. १९९८ साली एरिक्सन, इंटेल, नोकिया, आयबीएम, तोशिबा या पाच कंपन्या एका बिनतारी पद्धतीसाठी एकत्र आल्या; नाव घेतले ते या जोडणाऱ्या राजाचे. इंटेलच्या जिम कार्डाक यांनी ते सुचवले होते. ब्लूटूथची खूण म्हणजे रूण लिपीतली त्याची दोन आद्याक्षरे.

आता संच निवडायचा कसा? ध्वनिग्राहक तोंडाजवळ, सन-व्हायझरवर, बसणारा घ्यावा. लायटरच्या खोबणीत खोचायचा प्रकार स्वस्त खरा, पण त्याचा ध्वनिग्राहक दूर पडतो. पलीकडच्याला रस्त्याची खरखरच जास्त ऐकू जाते.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर कायदा बोट ठेवतो ते हातात धरलेल्या यंत्रावर. मग हातमोकळे बोलणे निर्धास्त? टोरंटोत अपघात झालेल्या ६९९ टेलिफोनधारी चालकांची बिले तपासली गेली. १९९७ साली निष्कर्ष आला : बोलताना धोका चौपट, आणि हात मोकळे असल्याचा काही फायदा नाही. माझं विचाराल तर संच जरूर घ्या, पण "पोचतोच आहे" एवढं सांगण्यापुरता.